विषयांतराची शिस्त

हरिनाम सप्ताहात रात्रीच्या कीर्तनाला महाराज उभे राहतात आणि सेवेला एक अभंग घेतात. अभंग चार-पाच चरणांचा, वेळ मात्र दोन तासांचा. पहिल्याच चरणातून एखादी पुराणकथा निघते, कथेतून शेतीचा विषय, त्यातून दारूपायी उघड्यावर आलेल्या घराची गोष्ट. नवख्याला वाटतं, महाराज भरकटले. तेवढ्यात ते एखाद्या प्रमाणाचे, म्हणजे दाखल्याच्या संतवचनाचे, पहिले दोन शब्द उच्चारतात. दोन्ही बाजूंचे टाळकरी ते प्रमाण लगेच उचलून धरतात, पखवाज घुमतो, आणि निरूपण पुन्हा अभंगाच्या चरणावर येतं.

शाळेतल्या निबंधात विषय सोडला की गुण जातात. विधिमंडळात सोडला तर अध्यक्ष विषयावर बोलायला सांगतात. कीर्तनाने मात्र विषयांतराला मज्जाव न करता त्याला शिस्त लावली.

नारदीय कीर्तनात ती शिस्त रचनेतच आहे. पूर्वरंगात एखाद्या अभंगाचं किंवा पदाचं निरूपण, उत्तररंगात त्यातला सिद्धांत पटवणारं आख्यान. हरिश्चंद्राची कथा घ्या, नाहीतर राष्ट्रीय कीर्तनातला तानाजी घ्या. आख्यान कितीही रंगलं तरी पूर्वरंगाशी त्याची सांगड घालावीच लागते. ती बसली नाही, तर जाणता श्रोता नाराज होऊन उठतो.

विषयांतराच्या या शिस्तीचं सर्वांत सुंदर उदाहरण ज्ञानेश्वरीत आहे. ग्रंथ शके 1212 मधला, म्हणजे इ.स. 1290 चा, निरूपणाची जागा नेवासे. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना 'अहिंसा' हा शब्द येतो आणि त्या एका शब्दावर ज्ञानदेव शंभराहून अधिक ओव्या खर्ची घालतात. अहिंसक माणूस पाऊल कसं टाकतो, बोलतो कसा, त्याची नजर कशी असते, सगळं येतं. मग ते स्वतःच थबकतात. हिरवा चारा दिसला की गुरं वाट विसरतात, तसं माझं झालं असं तुम्हाला वाटेल, असं श्रोत्यांना सांगतात. पण लगेच विस्ताराचं कारणही देतात: शब्द तीनच अक्षरांचा, पण इतर मतांचा परामर्श घेतल्याशिवाय त्याचा अर्थ उघडा होत नाही.

कुठे वळलो आणि का वळलो, हे ज्ञानदेवांना पक्कं ठाऊक आहे आणि ते श्रोत्यांपासून लपवत नाहीत. असं विषयांतर विषय मोठा करतं. श्रद्धांजलीच्या सभेत स्वतःच्याच आठवणींत रमणारा वक्ता मात्र गेलेल्या माणसाला विसरतो, आणि ते श्रोत्यांना लागतं.

म्हणून बोलणाऱ्यांना एक विनंती. कीर्तनकार अभंग सांगतो, तसा आपला विषय सुरुवातीलाच एका वाक्यात सांगा. मग खुशाल वळणं घ्या. परत येताय की नाही, ते श्रोत्यांनाही पाहता येईल.