मंजिऱ्या खुडू नका

तुळशीला मंजिऱ्या आल्या की खुडाव्यात, हे बाग करणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं. सल्ला खोटा नाही. मंजिऱ्या खुडल्या की तुळस डेरेदार होते. पण मधमाशीच्या बाजूने पाहिलं तर आपण तिचं वाढलेलं ताटच उचलत असतो. कोथिंबीर फुलावर आली की ‘आता गेली’ म्हणून उपटायची, कांद्याला फुलाचा दांडा आला की मोडायचा, मोहरी-मुळा वेळेत काढून टाकायचा. आणि मग बागेत मधमाश्या याव्यात म्हणून नर्सरीतून महागडी रोपं आणायची, असा आपला उलटा कारभार.

त्या महागड्या रोपांमध्ये बरीचशी फुलं गच्च पाकळ्यांची असतात. अशा दुहेरी फुलांत पुष्कळदा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. पराग नावापुरता आणि मकरंदापर्यंत पोचायला वाट नाही. बोगनवेलीचा रंग तर फुलाचा नसून पानांचा, खरं फूल मध्ये बारीक नळीसारखं. शिवाय निव्वळ लाल रंग मधमाशीला जवळपास काळाच दिसतो. कार्ल फॉन फ्रिश यांनी शंभरेक वर्षांपूर्वी रंगीत पुठ्ठ्यांवर साखरपाणी ठेवून हे तपासलं होतं. पुढे मधमाश्यांच्या नाचाची भाषा उलगडणाऱ्या या शास्त्रज्ञाला १९७३ साली नोबेल मिळालं. मधमाशीला निळा-जांभळा छान दिसतो आणि आपल्याला न दिसणारा अतिनीलही.

दुसरी गोष्ट गर्दीची. मधमाशी एका फेरीत सहसा एकाच जातीच्या फुलांवर फिरते. म्हणून दहा प्रकारची एकेक कुंडी ठेवण्यापेक्षा एकाच जातीचा वाफा किंवा चार-पाच कुंड्या एकत्र ठेवलेल्या बऱ्या. शेजारच्या फुलाशी थबकून न बसताच ती मागे फिरली, तर समजावं की आधी कुणीतरी तिथे येऊन गेलंय. आधीच्या माशीच्या पायांचा वास फुलावर राहतो आणि ‘इथे आता काही नाही’ हे पुढचीला कळतं.

येणार कोण? सातेरी, फुलोरी आणि जवळपास मोठं पोळं असेल तर आग्याही. पण मला जास्त कौतुक आहे ते पोळं न करणाऱ्या, एकट्याने राहणाऱ्या माश्यांचं. टोमॅटोचं फूल जवळून पाहा. मधला पिवळा सुळका म्हणजे एकमेकांना चिकटलेले परागकोश. वांग्याचीही रचना साधारण अशीच. पराग आत बंद, बाहेर पडायची वाट टोकाजवळ. वाऱ्याच्या हलण्याने थोडाफार पडतो, पण सातेरीला तो मोकळा करण्याची युक्ती येत नाही. ती येते भुंग्याला आणि पोटावर निळे पट्टे असलेल्या एका चपळ माशीला. ती सुळक्याला घट्ट धरते, अंगाचं वेटोळं करते आणि पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवते. एरवीची गुणगुण एकदम चढ्या आवाजाची होते आणि पराग तिच्या पोटावर भुरभुरतो. माश्यांविना टोमॅटो लावणारे हौशी लोक यासाठी विजेवरचा टूथब्रश फुलाला लावतात, यावरून काय ते समजा.

या एकट्या माश्यांना घर हवं. निळ्या पट्ट्यांची माशी मातीत बीळ करते, भुंगा वाळक्या बांबूत किंवा लाकडात. त्यामुळे सगळं अंगण फरशी घालून चकाचक केलं तर त्यांचा ठिकाणाच जातो. एक कोपरा उघड्या मातीचा राहू द्यावा. गुलाबाच्या पानाला कडेने कात्रीने कापल्यासारखे अर्धगोल दिसले की लोक फवारणीला धावतात. ते काम पान कापणाऱ्या माशीचं असतं. ती ते तुकडे पिल्लांच्या खोल्यांना अस्तर म्हणून नेते. पान खात नाही, झाडाचं फारसं बिघडत नाही.

पाण्यासाठी उथळ ताटलीत खडे ठेवावेत, म्हणजे माश्या बुडत नाहीत. साखरेचं पाणी मात्र ठेवू नये. त्याने रोग पसरतात. दुधीला फळ धरत नसेल तर मधमाशीला बोल लावू नका. ते पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि मुख्यतः पतंगांची वाट पाहतं. काकडी-भोपळ्याचं काम मात्र सकाळी मधमाश्याच करतात.

औषधांच्या बाबतीत मी हट्टी आहे. इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशकं झाडाच्या अंगात भिनतात आणि पराग-मकरंदात उतरतात. युरोपीय संघाने २०१८ मध्ये त्यांचा उघड्यावरचा वापर बंद केला. घरच्या चार कुंड्यांना त्यांची गरजच नाही. कडुनिंबाचा अर्कही मारायचा तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी.

यंदा कोथिंबीर पेराल तेव्हा चार-सहा रोपं उपटू नका, फुलू द्या. तुळशीच्या दोन कुंड्या असतील तर एकीच्या मंजिऱ्या राहू द्या. कोथिंबिरीची फुलं माश्यांना मिळतील आणि महिन्या-दीड महिन्याने धने तुम्हाला.