तोफगोळ्याला लाभलेली दृष्टी

धनुष्यातून सुटलेला बाण परत घेता येत नाही, असे म्हणतात. तोफगोळ्याच्या बाबतीत हे वचन शतकानुशतके अक्षरशः खरे होते. नळीतून गोळा एकदा बाहेर पडला, की त्याच्यावर तोफचीची काही सत्ता उरत नसे. गेल्या अर्धशतकात हा नियम बदलला आहे. वाटेत आपली दिशा सुधारणारा गोळा आता तयार होऊ लागला आहे.

अशा गोळ्याची गरज का भासली, हे प्रथम पाहावयास हवे. १५५ मिलिमीटर तोफेचा साधा गोळा सुमारे ४५ किलो वजनाचा असतो. वीस-बावीस किलोमीटरांवरील लक्ष्य गाठावयास त्याला मिनिटभराचा अवधी लागतो. तेवढ्या वेळात वारा त्याला ढकलतो आणि हवेची घनता त्याचा वेग कमीजास्त करते. शिवाय दारूचे तपमान आणि नळीची झीज यांनीही फरक पडतो. १९९९ मध्ये कारगिलच्या उंच मुलखात विरळ हवेमुळे गोळे नेहमीपेक्षा दूर जात. लांबच्या पल्ल्यावर साधा गोळा लक्ष्यापासून दोनशे मीटरांहूनही अधिक अंतरावर पडू शकतो. म्हणून एका लक्ष्यासाठी अनेक गोळे टाकावे लागतात. त्या दोनशे मीटरांत एखादी वस्ती असेल, तर चुकीची किंमत निरपराध माणसे देतात.

मग गोळ्यात यंत्र बसविण्यास इतका विलंब का लागला? पहिली अडचण धक्क्याची. नळीतून सुटताना गोळ्यावर गुरुत्वाकर्षणाच्या दहा-पंधरा हजार पट जोर येतो. मनगटावरचे साधे घड्याळ अशा धक्क्याने निकामी व्हावयाचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन व ब्रिटिश शास्त्रज्ञांनी गोळ्याच्या टोकात छोटे रेडिओयंत्र बसवून ही अडचण प्रथम दूर केली. लक्ष्याजवळ पोचताच हे यंत्र स्फोट घडवी. जानेवारी १९४३ मध्ये ‘हेलेना’ या अमेरिकन युद्धनौकेने असे गोळे वापरून एक जपानी विमान पाडले. परंतु स्फोट केव्हा व्हावा एवढेच ते यंत्र ठरवी; गोळ्याने कोठे जावे, हे त्याच्या हाती नव्हते.

दुसरी अडचण फिरकीची. नळीतील आट्यांमुळे गोळा सेकंदाला दोनशेहून अधिक गिरक्या घेऊ शकतो आणि या गिरक्यांमुळेच तो स्थिर राहतो. पण भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या वस्तूला वळविणार कसे? १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत सिद्ध झालेल्या ‘कॉपरहेड’ गोळ्यात सैल कडे बसवून ही गिरकी पुष्कळ कमी केली गेली आणि स्थैर्यासाठी पंख दिले गेले. पुढे असलेला निरीक्षक लक्ष्यावर लेसर किरण रोखून धरी. परावर्तित किरण गोळ्याच्या टोकातील यंत्राला दिसत आणि गोळा तिकडे वळे. सोव्हिएत रशियाचा ‘क्रास्नोपोल’ याच तत्त्वाचा. भारतानेही तो घेतला. मात्र धूर, धूळ वा ढग आड आले, की लेसर निरुपयोगी ठरे आणि निरीक्षकाला जीव धोक्यात घालून शत्रूच्या जवळ राहावे लागे.

यावर तोड निघाली ती कृत्रिम उपग्रहांची. ‘एक्सकॅलिबर’ हा गोळा उपग्रहांच्या संकेतांवरून स्वतःचे स्थान ओळखतो आणि छोट्या पंखांनी तरंगत आधी दिलेल्या ठिकाणी उतरतो. २००७ मध्ये इराकमध्ये तो प्रथम युद्धात वापरला गेला. लक्ष्यापासूनचे त्याचे अंतर थोड्या मीटरांवर आले. परंतु त्याची किंमत साध्या गोळ्याच्या अनेक पट होती. म्हणून साध्याच गोळ्यावर बसविता येईल असा मार्गदर्शक फ्यूज निघाला. त्याचे पंख असलेले टोक गोळ्याच्या उलट फिरते. दिशा सुधारावयाची असेल तेव्हा ते फिरणे थांबवून गोळ्याला हलकासा रेटा दिला जातो. नेम एक्सकॅलिबरइतका अचूक नसला, तरी खर्च पुष्कळ कमी येतो.

तरीही शस्त्र आणि प्रतिशस्त्र यांची जुनी स्पर्धा संपलेली नाही. उपग्रहांचे संकेत आकाशातून येताना अतिशय क्षीण असतात. जमिनीवरील प्रबळ रेडिओलहरींनी ते दडपता येतात. युक्रेनच्या युद्धात २०२३ पर्यंत रशियाने अशाच उपायांनी एक्सकॅलिबरची अचूकता पुष्कळ घटविली. त्यामुळे उपग्रह व लेसर या दोहोंचा आधार घेणारे गोळे महत्त्वाचे ठरले आहेत.

अचूकतेचा अर्थ मात्र नीट ध्यानी घेतला पाहिजे. गोळा सांगितलेल्या ठिकाणी पडतो. ते ठिकाण योग्य आहे की नाही, हे त्याला कळत नाही. माहिती चुकीची असेल, तर तो चुकीच्या घरावरही तितक्याच अचूकपणे पडेल. पूर्वी दोष वाऱ्यावर टाकता येत असे. आता ती सोय उरलेली नाही. गोळ्याची दृष्टी जसजशी तीक्ष्ण होईल, तसतशी आज्ञा देणाऱ्याची जबाबदारी वाढत जाईल.