औषध लागू पडतंय की बाधतंय?

दारव्ह्यातल्या माझ्या औषधाच्या दुकानात अधूनमधून एखादी आई गिऱ्हाईक ओसरेपर्यंत बाजूला उभी राहते. मग पिशवीतून कागदाची पुडी काढते. आत राखाडी भुकटी असते. पुडीवर ना कंपनीचं नाव, ना बॅच नंबर, ना घटकांची यादी.

"ताई, पाहा न यात काय आहे. पोट्टं रात्रभर झोपत नाही, नुसतं पलंगावरून उड्या मारते. देनारे म्हनते, औषध लागू पडून राह्यलं."

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. म्हणून हे वाक्य कानावर पडलं की मी हातातलं काम ठेवून देते. स्वमग्नता आणि अतिचंचलता पुष्कळ मुलांत एकत्र असतात. मात्र मानसोपचाराच्या ज्या अमेरिकी निदानपुस्तिकेचा आपल्याकडेही आधार घेतात, तिच्यात ही दोन निदानं एकाच मुलाला देण्याची मुभा 2013 पर्यंत नव्हती. त्यामुळे मूल एका जागी बसत नाही, ही तक्रार 'ऑटिझमच आहे, चालायचंच' म्हणून बाजूला पडायची. डॉक्टरांनी सोडून दिलेला प्रश्न आईबाप मग कुठेतरी घेऊन जाणारच. त्यांना दोष द्यायला माझं मन धजत नाही.

माझं भांडण आहे ते 'त्रास वाढला म्हणजे गुण येतोय' या समजुतीशी. कुणी सांगतं, आधी त्रास वाढतो आणि मग उतरतो. कुणी म्हणतं, अंगातलं विष बाहेर पडतंय. व्हिटॅमिनवाला म्हणतो, मेंदू जागा होतोय. या हिशेबात औषध कधी हरतच नाही. मूल शांत झालं तरी औषधाचा गुण, भिंतीवर डोकं आपटायला लागलं तरी औषधाचाच गुण.

आणि त्या भुकटीत शिसं असलं तर? 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून दक्षिण आशियात बनलेली 70 आयुर्वेदिक उत्पादनं घेऊन तपासली, तेव्हा 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम काय होतो? लक्ष लागत नाही, चिडचिड वाढते, चंचलता वाढते. म्हणजे ज्या तक्रारीसाठी औषध आणलं, तीच औषधातून वाढू शकते. बेनावाच्या भुकटीत कधी स्टेरॉइडही मिसळलेलं असतं. त्यानं चार दिवस भूक लागते, तरतरी येते, आणि झोप उडते. मिथाइल बी-12 हे व्हिटॅमिन दिलेल्या काही मुलांतही चंचलता आणि झोपमोड वाढल्याच्या नोंदी आहेत. शिसं अंगात गेलंय का, हे रक्त तपासून कळतं. केसांच्या तपासणीवरून 'जड धातू' काढणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नये. धातू काढण्याच्या अशाच उपचारात 2005 मध्ये अमेरिकेत पाच वर्षांचा एक स्वमग्न मुलगा दगावला.

आईबापांना फरक दिसतो तो खोटा असतो का? तसं नाही. 1998 च्या सुमारास सिक्रेटिन नावाच्या संप्रेरकाच्या इंजेक्शननं मुलं सुधारतात अशी हवा झाली. पुढच्याच वर्षी 60 मुलांवर चाचणी झाली. निम्म्यांना सिक्रेटिन, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. दोन्हीकडची मुलं सारखीच सुधारलेली दिसली. हा निकाल सांगितल्यावरही 69 टक्के पालक म्हणाले, आम्हाला त्या औषधात अजून रस आहे. मला त्या पालकांचं हसू येत नाही. मूल वाढतंच असतं, कधी बरे दिवस येतात, आणि आस लावून बसलेल्या डोळ्यांना ते आधी दिसतात. हीच आस आज शहरांतले काही दवाखाने स्टेम सेलच्या नावाने लाखांत विकतात. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानं 2022 मध्ये स्पष्ट केलंय. त्यासाठी कुणी वावर विकायला काढलं असेल, तर थांबा.

चंचलता अचानक वाढली की आधी शरीर बघावं. माझा भाचा एका उन्हाळ्यात दिवसभर गरागरा फिरायचा, गालावर बुक्क्या मारून घ्यायचा. त्याला बोलता येत नाही. यवतमाळला दाताच्या डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं, तर मागची दाढ पार किडलेली. दाढेवर उपचार झाल्यावर आठवडाभरात बुक्क्या थांबल्या. बद्धकोष्ठता, जंत, कान दुखणं, रक्तात लोह कमी असणं, फिट येणं, यातलं काहीही मुलाला नाचवू शकतं.

गहू-दूध बंद करण्याचा प्रयोग बरेच जण करतात. गव्हाचं आपल्याला जड नाही, ज्वारीची भाकर घरात असतेच. दूध तोडलं तर मात्र कॅल्शियम कुठून देणार ते आधी ठरवावं, कारण ही मुलं मोजकेच पदार्थ खातात. या पथ्यानं ऑटिझम जातो याला भक्कम पुरावा नाही.

दुकानात येणाऱ्या आयांना मी वही घालायला सांगते. किती वाजता झोपला, रात्री किती वेळा उठला, शौच झालं का, शाळेत किती वेळ बसला, आणि नवं काय सुरू केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन औषधं एकदम सुरू केली तर कशानं काय झालं हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. ती वही आणि चालू असलेली प्रत्येक पुडी, बाटली घेऊन यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग किंवा मानसोपचार विभागात दाखवावं. अंगणवाडीत, शाळेत तपासणीला येणाऱ्या बाल स्वास्थ्य पथकालाही सांगावं, ते पुढे पाठवतात. डॉक्टर रागावतील म्हणून काही लपवू नये. फिटची गोळी चालू असेल तर ती कुणाच्याही सांगण्यावरून एकदम बंद करू नये.

त्रास वाढणं म्हणजे गुण नव्हे, हाच नियम डॉक्टरांकडच्या गोळ्यांनाही लावा. चंचलतेवरचं मिथाइलफेनिडेट 2005 मधल्या एका चाचणीत 72 स्वमग्न मुलांपैकी जवळपास निम्म्यांना लागू पडलं, तर 18 टक्क्यांना त्रास झाला म्हणून बंद करावं लागलं. तिथे त्रास वाढल्यावर औषध थांबवलं, त्याला गुण म्हटलं नाही. पुडी देणाऱ्यालाही पहिल्याच दिवशी विचारा: यात काय आहे, आणि हे बाधतंय हे मी कशावरून ओळखायचं?