बंद दार आणि मनाचे स्वातंत्र्य

बदलीचा हुकूम हाती पडला, बढती हुकली किंवा परीक्षेत अपेक्षेहून गुण कमी पडले, की वडीलधारी मंडळी एक वाक्य हमखास ऐकवतात: जे आपल्या हाती नाही, त्याची खंत कशाला करायची? अलीकडे या उपदेशाला ग्रीक तत्त्वज्ञानाचा आधारही दिला जातो. मनःशांतीवरील लोकप्रिय पुस्तकांत एपिक्टेटस आणि मार्कस ऑरेलियस यांची नावे वारंवार आढळतात. या प्रसिद्धीबरोबर एक गैरसमजही रूढ होत चालला आहे. स्टोइक म्हणजे सारे काही निमूटपणे सोसणारा माणूस, हा तो गैरसमज होय.

इसवी सन पूर्व ३०० च्या सुमारास झेनोने अथेन्समधील एका चित्रांकित ओसरीत शिकवण्यास आरंभ केला. ओसरीला ग्रीकमध्ये ‘स्टोआ’ म्हणतात. त्यावरून पंथास नाव मिळाले. शहाणपण, न्याय, धैर्य आणि संयम हे सद्गुण हेच माणसाचे खरे कल्याण, ही या पंथाची मूळ भूमिका. पैसा, आरोग्य, प्रतिष्ठा या गोष्टी हव्याशा खऱ्या. परंतु माणसाची योग्यता त्यांवर ठरत नाही.

या नीतिविचारामागे मनाच्या व्यापाराचे सूक्ष्म निरीक्षण आहे. बाहेरील घटनेचा प्रथम मनावर ठसा उमटतो. हा ठसा आपल्याबरोबर एक विधान घेऊन येतो: ‘माझे मोठे अनिष्ट झाले.’ बुद्धी त्याला संमती देते अथवा नाकारते. संमती दिली, की त्यातून क्रोध, भय, शोक उत्पन्न होतात. म्हणजे विकार ही मनावर बाहेरून कोसळणारी आपत्ती नव्हे; तो आपणच मान्य केलेला एक चुकीचा निर्णय असतो. तथापि स्टोइक माणसाला दगड बनवू पाहत नाहीत. वादळात सापडलेल्या जहाजावर एका स्टोइक तत्त्वज्ञाचा चेहरा पांढरा पडल्याची कथा ऑलस गेलियसने नोंदविली आहे. चेहरा पांढरा पडणे हा भित्रेपणा नव्हे. त्या क्षणिक कंपाला बुद्धीने दुजोरा देणे हा भित्रेपणा, असे त्याचे उत्तर होते.

येथे एक आक्षेप सहज सुचतो, आणि तो खोटा नाही. गुलामाला ‘मनाने स्वतंत्र राहा’ असे सांगणे मालकाच्या सोयीचेच नाही काय? एपिक्टेटस स्वतः गुलामगिरीत वाढला होता, म्हणून त्याच्या तोंडी हा उपदेश शोभतो. पण धनाढ्य सेनेकाने गुलामांना माणुसकीने वागवा असे लिहिले. गुलामगिरीच नष्ट करा असे त्याने म्हटले नाही. स्टोइकांची ही उणीव मान्यच करावयास हवी.

मग या विचारात आपल्या उपयोगाचे काय उरते? नाशिककराला याचे उत्तर पंचवटीत सापडेल. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराची दारे बंद करण्यात आली. त्या वर्षीच्या रामनवमीस सत्याग्रहींवर दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे कित्येक वर्षे हा लढा नेटाने चालविला. दार मात्र उघडले नाही. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्र लिहून हा सत्याग्रह थांबविण्याचा सल्ला दिला. मूर्तिपूजेच्या ओढीने किंवा मंदिरप्रवेशाने समता मिळेल या समजुतीने आपण लढा उभारला नव्हता. आपल्या समाजाला चेतना यावी आणि स्वतःच्या स्थितीचे भान यावे, हा हेतू होता, असा त्या पत्राचा आशय आहे.

बाबासाहेबांची प्रेरणा स्टोइक होती, असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु त्या दारापुढे जे घडले ते स्टोइकांच्या भाषेत नेमके सांगता येते. शतकानुशतके समाजाने ज्यांच्यावर ‘तुम्ही हीन आहात’ हा ठसा उमटविला, त्यांनी त्या विधानाला संमती नाकारली. दार उघडणे त्यांच्या हाती नव्हते. दारापुढे ताठ मानेने उभे राहणे त्यांच्या हाती होते. ‘हाती नाही’ याचा अर्थ ‘प्रयत्न करू नये’ असा त्यांनी केला नाही.

स्टोइकांचा धनुर्धराचा दृष्टान्त येथे आठवतो. अचूक नेम धरणे, प्रत्यंचा पूर्ण ताणणे हे धनुर्धराचे काम. सुटलेला बाण वाऱ्याने वळला तर तो उणेपणा त्याचा नव्हे. मराठी वाचकास येथे गीतेतील निष्काम कर्माचे स्मरण होईल. पण नेम न धरताच ‘फळ आपल्या हाती नाही’ म्हणणारा मनुष्य ना गीतेचा अनुयायी, ना झेनोचा. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातील येवल्यास, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. बंद दाराशी अडून न राहता दुसरी वाट निवडणे, हेही त्यांच्या हाती होते.

म्हणून सहकाऱ्यावर अन्याय होत असता ‘आपल्या हाती काय आहे?’ असे म्हणून फाईल मिटणाऱ्या कारकुनाने, किंवा वर्गातील पक्षपात दिसूनही गप्प राहणाऱ्या शिक्षकाने एपिक्टेटसचा दाखला देऊ नये. निकाल त्यांच्या हाती नसेल. अन्यायाला अन्याय म्हणणे आणि त्याला आपली संमती न देणे, हे मात्र त्यांच्या हाती खासच आहे.