साठ लाख खुर्च्या, तीन लाख फूट

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हा थिएटरात साधारण १५०० माणसं बसत. १५ ऑगस्ट १९७५ ला तिथे ‘शोले’ लागला आणि पाच वर्षं उतरला नाही. पहिली तीन वर्षं तो नेहमीच्या खेळांना होता, पुढची दोन मॅटिनीला. आता हिशेब मांडून बघा. दिवसाला तीन खेळ धरले तर तीन वर्षांत ४९ लाखांवर खुर्च्या होतात. मॅटिनीच्या दोन वर्षांच्या आणखी ११ लाख. बेरीज ६० लाख. १९७१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या ५९ लाख ७० हजार होती. तान्ह्या बाळापासून पणजोबांपर्यंत अख्ख्या मुंबईला एकेकदा ‘शोले’ दाखवता आला असता, एवढ्या खुर्च्या एकट्या मिनर्व्हात होत्या!

प्रत्येक खेळ हाउसफुल्ल गेला नसणार, हे उघड आहे. तरी क्षणभर सगळ्या खुर्च्या भरल्या असं धरू. सिनेमा २०४ मिनिटांचा. म्हणजे त्या एका इमारतीत प्रेक्षकांनी मिळून ‘शोले’ बघण्यात घालवलेला वेळ २,३०० वर्षांच्या वर जातो. तेवढा वेळ एकट्या माणसाने काढायचा म्हटलं, तर १९८० मध्ये बाहेर पडण्यासाठी त्याला चंद्रगुप्त मौर्य गादीवर येण्याआधीच थिएटरात शिरावं लागलं असतं.

आणि हे फक्त एक थिएटर. देशभरात शंभरावर थिएटरांत ‘शोले’ने रौप्यमहोत्सव केला. शंभर थिएटरं, प्रत्येकी पंचवीस आठवडे. हे दिवस एकापुढे एक मांडले तर ४८ वर्षं होतात.

सुरुवातीला मात्र धंद्यातल्या जाणकारांनी सिनेमा पडला म्हणून सांगून टाकलं होतं. समीक्षकही नाराज होते. शेवट बदलून मरणाऱ्या नायकाला, जयला, जिवंत ठेवावं का, इथपर्यंत चर्चा गेली. तसं झालं नाही, हे आपलं नशीब.

१९७५ हे वर्षच मनोरंजनाच्या बाबतीत अफाट होतं. जानेवारीत ‘दीवार’ आला. मे महिन्यात तुटपुंज्या खर्चात केलेला ‘जय संतोषी माँ’ आला आणि लोक चपला बाहेर काढून थिएटरात जाऊ लागले, पडद्यावर फुलं आणि नाणी उधळू लागले. मराठीत दादा कोंडक्यांचा ‘पांडू हवालदार’ त्याच वर्षीचा. एका कॅलेंडरात एवढं सगळं मावलं, आणि तेही जूनमध्ये आणीबाणी लागलेल्या वर्षात. तरीही त्या वर्षातलं एकच काही निवड म्हटलं तर मी ‘शोले’च निवडतो. त्याच्या कमाईचे आकडे मला फारसे भुरळ घालत नाहीत. त्याच्या मागे जे वेळेचं आणि फिल्मचं गणित आहे, ते घालतं.

ऑक्टोबर १९७३ मध्ये बंगळुरूजवळच्या रामनगरमच्या खडकांत चित्रीकरण सुरू झालं. एक कोटीत होईल म्हटलेला सिनेमा तीन कोटींवर गेला. ७५ साली दहा ग्रॅम सोनं साडेपाचशे रुपयांच्या आसपास होतं. त्या भावाने तीन कोटींत पाच क्विंटलांहून जास्त सोनं आलं असतं. दिवसांचा हिशेबही तसाच. ‘ये दोस्ती’ गाण्याला २१ दिवस लागले. आगगाडीवरच्या दरोड्याला, जो आपल्या पनवेलजवळ मुंबई-पुणे मार्गावर चित्रित झाला, सात आठवड्यांहून जास्त. आणि सगळ्यांत नवलाचं म्हणजे राधा आणि कंदिलांची ती दोन छोटी दृश्यं. खाली जय माउथ ऑर्गन वाजवतोय, वर हवेलीच्या सज्जात राधा झालेली जया भादुरी एका कंदिलापासून दुसऱ्याकडे जातेय. संवाद नाही. छायाचित्रकार द्वारका दिवेचा यांना हवा होता तो कातरवेळेचा उजेड, आणि तो काही तासन्‌तास थांबत नाही. त्या दोन दृश्यांना २० दिवस गेले. आज ती बघताना एकही दिवस वाया गेल्यासारखा वाटत नाही.

या सगळ्यातून जी फिल्म वापरली गेली ती जवळजवळ तीन लाख फूट. एक्याण्णव किलोमीटर! सीएसएमटीपासून रुळांच्या कडेने अंथरत नेली तर नेरळ मागे पडतं. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे सलग बघायला ५५ तास लागतील. एका फुटात १६ फ्रेम, म्हणून एकूण ४८ लाख फ्रेम. त्यातून पडद्यावर आल्या २ लाख ९४ हजार. सोळातली जेमतेम एक.

ही निवड केली संकलक एम. एस. शिंदे यांनी. तेव्हा संकलनाला कॉम्प्युटर नव्हता. फिल्मचा तुकडा हातात घ्यायचा, मशीनवर पुढे-मागे फिरवायचा, पेन्सिलीने खूण करायची, कापायचा, जोडायचा, आणि जोड बरोबर वाटला नाही तर सोडवून पुन्हा जोडायचा. दोन-तीन फ्रेम इकडे-तिकडे झाल्या तरी डाकू गब्बरच्या हसण्यानंतरची शांतता बिघडते.

या काटछाटीत काय काय गेलं, त्याचं एक उदाहरण पुरे. गब्बर इमामसाहेबांच्या मुलाला, अहमदला मारतो. अहमदचं काम सचिन पिळगांवकरांनी केलं होतं. त्या प्रसंगाचं चित्रीकरण १९ दिवस चाललं. सिनेमात मात्र गब्बर हातावरची मुंगी चिरडतो आणि पुढे घोड्यावरून अहमदचं प्रेत गावात येतं. मधलं काहीच दिसत नाही. माझ्या मते हिंदी सिनेमातल्या सगळ्यांत भयंकर हत्यांपैकी ही एक आहे, आणि ती पडद्यावर घडतच नाही. शेवटही बदलला. ठाकूर गब्बरला ठार करतो हा मूळ शेवट सेन्सॉरला चालला नाही, म्हणून पोलीस येतात तो प्रसंग नव्याने चित्रित करावा लागला. मूळ शेवट जोडलेली, जतन करून नव्याने सिद्ध केलेली प्रत २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. पन्नास वर्षांनी.

फिल्मफेअरच्या नऊ विभागांत ‘शोले’ला नामांकन होतं. सात पुरस्कार ‘दीवार’ घेऊन गेला, त्यात लेखक सलीम-जावेदचे कथा, पटकथा आणि संवादाचेही होते. गब्बर साकारणाऱ्या अमजद खानला काही मिळालं नाही, दिग्दर्शक रमेश सिप्पींनाही नाही. ‘शोले’च्या वाट्याला एकच पुरस्कार आला, सर्वोत्कृष्ट संकलनाचा, आणि तो शिंद्यांना मिळाला. बाकीच्या आठ निकालांवर मी आजही वाद घालायला तयार आहे.