खरूज आणि गंधक : एका जुन्या उपायाचा मागोवा

खरजेवर गंधक लावण्याचा उपाय रोगाचे कारण उमगण्याच्या कितीतरी शतके आधी रूढ झाला होता. चरकसंहितेत ‘कुष्ठ’ या व्यापक संज्ञेखाली त्वचेचे जे अठरा विकार सांगितले आहेत, त्यांत खरजेशी बरीचशी जुळणारी ‘पामा’ येते; पुढे रसशास्त्राने, म्हणजे धातू व खनिजे यांपासून औषधे सिद्ध करणाऱ्या शाखेने, गंधक तुपात वितळवून, फडक्यातून दुधात गाळून शुद्ध करण्याची रीत घालून दिली. रोममध्येही पहिल्या शतकात वैद्यकावर लिहिणाऱ्या केल्ससने गंधक आणि पातळ डांबर यांचा लेप नोंदवला आहे.

कारणाचा शोध मात्र फार रेंगाळला. इटलीतील बोनोमो आणि चेस्तोनी यांनी 1687 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेला किडा हेच खरजेचे मूळ असल्याचे लिहिले, तरी शरीरातील दोष बिघडल्याने खरूज होते या समजुतीपुढे ते टिकले नाही. अखेर 1834 मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात रेनुची या विद्यार्थ्याने सुईच्या टोकाने तो किडा कातडीतून काढून दाखवला. ही हातोटी त्याने कॉर्सिका बेटावरील साध्या बायकांकडे पाहिली होती, आणि पंडितांच्या दीर्घ वादाचा निकाल त्यांच्या या ज्ञानाने लागला, याची नोंद ठळकपणे व्हायला हवी.

त्वचेवर गंधकाचे रूपांतर हायड्रोजन सल्फाइड व पेंटाथायोनिक आम्ल यांत होते आणि ही द्रव्ये किड्याला मारक ठरतात, असे मानले जाते. पाच ते दहा टक्के गंधकाचे मलम मानेखाली सर्वांगाला सलग तीन रात्री लावतात. अंडी तीन-चार दिवसांत फुटत असल्याने उपचार पुन्हा करावा लागतो. वास, कपड्यांवरील डाग आणि त्वचेची आग यांमुळे बेंझाइल बेंझोएट, पर्मेथ्रिन व आयव्हरमेक्टिन यांनी त्याला मागे सारले, तरी तान्ह्या मुलांसाठी आणि गर्भवतींसाठी ते आजही वापरात आहे.

गंधकाचे हे यश मात्र रसशास्त्राच्याच परंपरेतील पारा, हरताळ किंवा मुरदाडशिंग यांच्या खात्यावर जमा करता येत नाही, कारण त्यांतील पारा, आर्सेनिक आणि शिसे ही विषे शरीरात साठून राहतात.