राजवाड्यातील सेवक-दांपत्याचा शोध : कोल्हापूरच्या कागदपत्रांची साक्ष

इ. स. १८७० च्या ३० नोव्हेंबर रोजी करवीरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज विलायतेच्या प्रवासाहून परतताना इटलीतील फ्लॉरेन्स येथे निवर्तले. त्यांचे वय त्या वेळी अवघे वीस वर्षांचे होते. आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू विधीप्रमाणे त्यांचे दहन झाले. त्यांची रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनी संपादिली व ती १८७२ साली लंडन येथे प्रसिद्ध झाली. दहनस्थानी १८७४ साली स्मारकही उभे राहिले. महाराजांचा प्रवास त्यामुळे जवळजवळ दिवसवार सांगता येतो. परंतु त्यांच्यासमवेत समुद्र ओलांडून गेलेल्या चाकरांचे आयुष्य कसे गेले आणि त्यांच्या मागे घर सांभाळणाऱ्या स्त्रियांची गुजराण कशी चालली, या प्रश्नांचे उत्तर कोणत्याही छापील ग्रंथात सलग मिळत नाही. ते स्थानिक दप्तरातूनच कणाकणाने वेचावे लागते.

त्याच काळातील इंग्लंडमधील एखाद्या सेवक-दांपत्याचा शोध पुष्कळ सुकर असतो. तेथे १८३७ पासून जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली, आणि १८४१ पासूनच्या खानेसुमारीची नावनिशीवार पुस्तके जतन झाली. १८५१ च्या गणतीपासून प्रत्येकाचे वय, व्यवसाय, जन्मग्राम व कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते नोंदले गेले. त्यामुळे एकाच धन्याच्या घरी गाडीवान असलेला पती व स्वयंपाकीण असलेली पत्नी दर दहा वर्षांनी पुन्हा भेटतात. विवाहपत्रात वधूच्या पित्याचे नाव व धंदा असल्याने तिचे माहेरही हाती लागते.

कोल्हापूरची स्थिती निराळी आहे. १८८१ च्या खानेसुमारीने संस्थानची लोकसंख्या सुमारे आठ लाख असल्याचे सांगितले, आणि १८८६ च्या गॅझेटियरात जातिवार व धंदेवार माहिती आली. पण ही माहिती संख्यांची आहे, व्यक्तींची नव्हे. हिंदू विवाहाची सरकारी नोंद होण्याचा प्रघात नव्हता. म्हणून येथे आरंभ करावयाचा तो धन्याच्या हिशेबापासून.

राजवाड्यातील चाकरमंडळींना दप्तरी भाषेत शागीर्दपेशा म्हणत. हुजरे, खिदमतगार, फरास, मशालजी, पाणके, मोतद्दार, भोई असे त्यांचे वर्ग असत. त्यांचा माग रोजकीर्द, खतावणी, हजेरीपट व नेमणुकीचे कागद यांतून निघतो. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानी दप्तराचा मोठा भाग कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात असून त्यातील बहुतेक जुने कागद मोडी लिपीत आहेत. मोडी वाचता येणे ही या संशोधनाची पहिली पायरी होय.

दुसरी पायरी कालगणनेची. शक, फसली, शुहूर व इसवी अशा सनांची गाठ जुन्या कागदांत पडते. शुहूर सनाचे वर्ष मृगापासून सुरू होते. ‘इहिदे सबैन मयातैन व अलफ’ म्हणजे शुहूर १२७१. त्यात ५९९ मिळविल्यास १८७० येते. परंतु जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखेसाठी ६०० मिळवावे लागतात. हे भान सुटले तर महाराजांच्या निधनानंतरच्या वसंतातील एखादा खर्च त्यांच्या प्रस्थानापूर्वीचा ठरेल, आणि विधवा झालेली स्त्री सधवा म्हणून वर्णिली जाईल.

तिसरी अडचण नावांची. चाकराच्या नोंदीत आडनाव पुष्कळदा नसते. नाव व हुद्दा, फार तर बापाचे नाव, एवढेच असते. एकाच पागेत एकाच नावाचे दोन मोतद्दार असणे मुळीच असंभवनीय नाही. म्हणून नाव, हुद्दा व राहण्याची पेठ यांपैकी निदान दोन गोष्टी दोन स्वतंत्र कागदांत जुळल्याखेरीज माणूस एकच आहे असे मानू नये.

पत्नीचा शोध याहून बिकट. विवाहात तिचे नाव बदलले की माहेरचा धागा तुटतो. पुढे ती ‘अमक्याची बायको’ एवढ्याच शब्दांत उरते. ती स्वतः वाड्यात राबत असली तरी बटकी वा कुणबिणी यांच्या एकत्रित खर्चात तिचे नाव बुडून जाण्याचा संभव असतो. अशा वेळी रकमेपेक्षा ती स्वीकारणारा हात पाहावा. पती परमुलखी असताना त्याच्या पगाराचा हप्ता घरी कोणी घेतला? पावतीखाली निशाणी कोणती आहे? शेतकरी नांगराची निशाणी करी, तर स्त्री बांगडीची. इंग्लंडातील निरक्षर वधू विवाहपुस्तकात फुली करीत असे. पण फुलीवरून हात पुरुषाचा की स्त्रीचा हे कळत नाही. बांगडीवरून ते कळते.

दांपत्य ख्रिस्ती असल्यास आणखी एक साधन उपलब्ध होते. रॉयल वाइल्डर यांनी १८५२ साली कोल्हापुरात अमेरिकन मिशनचे कार्य आरंभिले. चर्चच्या पुस्तकांत बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवण्याची रीत असल्याने तेथे पती व पत्नी एकाच ओळीत भेटू शकतात.

सर्वांत बोलका कागद बहुधा शेवटचा असतो. चाकर मृत्यू पावला की त्याच्या विधवेने बालपरवेशीसाठी केलेला अर्ज. पतीची सेवा किती वर्षे झाली, पदरी मुले किती, कर्ज किती, हे सर्व त्यात येते. आयुष्यभर हिशेबाबाहेर राहिलेली स्त्री येथे प्रथमच कर्ता म्हणून उभी राहते. तथापि तो मजकूर अर्जनविसाच्या ठराविक भाषेतला असतो. दैन्याचे वर्णन हा त्या भाषेचा शिरस्ता होय. म्हणून अर्जातील विधाने हजेरीपट व खतावणी यांच्याशी ताडून पाहावीत आणि अर्जावर झालेला हुकूमही वाचावा. अर्ज नामंजूर झाला असेल तर तिची वाट तेथून पुढे दप्तराबाहेर जाते.

एवंच, दप्तर हे धन्याच्या पैशाचा हिशेब राखण्यासाठी लिहिले गेले, चाकराची आठवण राखण्यासाठी नव्हे. म्हणून त्यातील मौनाचा अर्थ अभाव असा करता येत नाही. फ्लॉरेन्सच्या नदीकाठी धन्याची चिता पाहणाऱ्या चाकराला आणि कोल्हापुरात त्याची वाट पाहणाऱ्या स्त्रीला इतिहासात जागा मिळणे वा न मिळणे, हे रोजकीर्दीतील एका रकमेखालची बांगडी अभ्यासकाच्या दृष्टीस पडते की नाही यावर अवलंबून आहे.